थरथरता काटा

“काका, हे एवढं खाली कोणी आणलं?”

विनिताने विचारलं तेव्हा भिवाजी स्टुलावर बसून चादरीची घडी घालत होता. त्याच चादरीत गुंडाळून त्याने सिद्धांतचा कॉम्प्युटर भिवपुरीहून रिक्षाने कर्जतच्या बाजारात, विनिताच्या दुरुस्तीच्या दुकानात आणला होता. सिद्धांत त्याचा एकुलता एक मुलगा. खालापूरच्या बाजूला एका गोदामात त्याला नुकतीच नोकरी लागली होती आणि तिकडेच खोली घेऊन तो राहत होता. जाताना म्हणाला होता, “आबा, कॉम्प्युटर विहारातल्या अभ्यासिकेत देऊन टाका. पोरं वापरतील.” द्यायची वस्तू धुऊनपुसून द्यावी, आपल्या घरची धूळ दुसऱ्याच्या दारात नेऊ नये, असं भिवाजीचं म्हणणं. म्हणून आधी विनिताकडे साफसफाई.

विनिताने पंखे साफ केले होते, धूळ उडवली होती आणि तिच्या पद्धतीप्रमाणे शेवटी एक गेम लावून बघत होती. गेम पळाला की मशीनमधलं सगळं पळतं, असा तिचा हिशेब. पण गेम पळत नव्हता. पडद्यावरचा बंदूकवाला माणूस धावता धावता मधेच थबके, पुन्हा धावे, पुन्हा थबके. उचकी लागलेल्या माणसाने गोष्ट सांगावी तसं चाललं होतं.

“काय खाली आणलं?” भिवाजीने विचारलं.

“मशीनची गरमी दोनदा मोजण्यामधला वेळ. मी तुम्हाला लावून दिलं तेव्हा पाच सेकंदांनी एकदा मोजायचं, असं ठेवलं होतं. इथं तर एका सेकंदात चार-चार वेळा मोजतंय.”

“आगं, मीच केलं ते.” भिवाजीला जरा अभिमानच वाटला. या वयात कॉम्प्युटरमधलं काही आपल्याला बदलता आलं, याचा. “तूच दाखवलं होतंस ना, कुठं जायचं नि काय सरकवायचं. तुजं लय मंद होतं. आकडा हलायचाच नाय. मी सरकवत सरकवत पार तळाला नेला.”

विनिता हसली. तिच्या मनात काही नव्हतं, ती आपल्या कामाच्या ओघात बोलून गेली. “मग गेम अटकणारच की, काका. मशीन कामात असताना तिला सारखं विचारायचं, गरम झालीस का, गरम झालीस का. ती उत्तर द्यायला हातातलं काम सोडते. क्षणभरच सोडते, एरवी कळणारसुद्धा नाही. पण गेममध्ये त्या क्षणात समोरचा गोळी घालून जातो.”

भिवाजीच्या हातातली चादर अर्धी घडी पडून तशीच राहिली. “म्हंजे ह्ये जे अटकतंय…”

“हां, त्याच्यानेच. मशीन चांगली आहे हो. हे वर घेतलं की बघा.”

तिने पडद्यावरची मोजणीची खूण वर सरकवली आणि पुन्हा गेम लावला. बंदूकवाला धावला, वळला, भिंतीवर चढला, उडी मारून खाली आला. कुठे थबकला नाही. तेल घातलेल्या चाकासारखा सगळा खेळ सरळ चालला होता.

“सिद्धांतला हे कळलं नाही का? तो तर एवढा पट्टीचा खेळणारा,” विनिता म्हणाली. मग तिने मागे वळून भिवाजीचं तोंड पाहिलं आणि गेम बंद केला.

भिवाजीने सगळी नोकरी भिवपुरीच्या वीजघरात काढली. डोंगरावरून नळातून पाणी खाली येतं, चाकं फिरवतं, वीज होते आणि पाणी पुढे नदीला जातं. या सगळ्या उपद्व्यापात भिवाजीचं काम एकच, काटे बघायचे. तेलाचा दाब, पाण्याचा दाब, फिरणाऱ्या दांड्याखालची गरमी. काचेआड ओळीने काटे, आणि समोर भिवाजी, डोळ्यांत तेल घालून. नवा लागला तेव्हा त्याच्या वरच्या माणसाने त्याला पहिल्याच पाळीत शिकवलं होतं, “काटा शांत दिसला म्हणून तू शांत होऊ नको. जित्ता काटा थोडा थरथरतो. थिजलेला काटा म्हंजे एक तर तार तुटली, नाय तर मशीन गेली.” तेव्हापासून थिजलेल्या काट्याच्या काचेवर नखाने टिचकी मारायची सवय भिवाजीला लागली. टिचकीने काटा हलला तर ठीक, नाही हलला तर धावायचं.

नोकरी संपली तरी टिचकी संपली नाही. घरातलं घड्याळ, विजेचं मीटर, पाण्याच्या टाकीची नळी, सगळ्यांना येता-जाता टिचकी. बायको चंद्राबाई थट्टेने म्हणायची, “एक दिवस मलापण टिचकी मारून बघाल, हाय का गेली.” ती गेली तापाने, बघता बघता. त्यानंतर घरात टिचकी मारायला एकच माणूस उरलं.

आणि भिवाजी बोलायचाच थांबला. रडला नाही, आजारी पडला नाही, शेतावर जाणं सोडलं नाही. फक्त शब्द आटले. सिद्धांत ताट वाढायचा, भिवाजी जेवायचा, ताट धुऊन पालथं घालायचा. एकाच घरात दोन माणसं राहत होती आणि भांड्यांचाच काय तो आवाज.

सिद्धांत तेव्हा एका जुन्या कॉम्प्युटरवर खेळायचा. उन्हाळ्यात एका दुपारी त्यातून धूर निघाला. सिद्धांत बाहेर अंगणात होता म्हणून काही झालं नाही, पण भिवाजीने तो धूर पाहिला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. नवीन मशीन घेतली तेव्हा भिवाजी विनिताकडे येऊन बसला. कित्येक महिन्यांनी त्याने कुणाला तरी सलग वाक्यं ऐकवली, “त्याच्या आतली गरमी मला बाहेरून दिसली पायजे. मी शेतात असलो तरी दिसली पायजे.” विनिताने मोजणीचा प्रोग्रॅम टाकून तो भिवाजीच्या मोबाईलला जोडून दिला.

पण पाच सेकंदांनी हलणारा आकडा. वीजघरातल्या माणसाला तो कसा मानवणार! बावन्न म्हणजे बावन्नच, तसाच चिकटून. भिवाजीच्या लेखी तो मेलेला काटा. म्हणून सिद्धांत वाण्याच्या दुकानात गेला असताना त्याने ती खूण तळाला नेली. बावन्न, त्रेपन्न, बावन्न, एक्कावन्न, त्रेपन्न. आकडा थरथरायला लागला आणि भिवाजीला पहिल्यांदा बरं वाटलं.

मग तो त्याचा छंदच झाला. बांधावर उभा राहून मोबाईल बघायचा. आकडा हलतोय, म्हणजे मशीन चालू, म्हणजे पोरगा घरात, म्हणजे बरा. संध्याकाळी सिद्धांत खेळायला बसला की मागच्या खाटेवर बसून तो आकडे मोठ्याने वाचायचा. “चोपन्न. बरा हाय.” “अठ्ठावन्न, जरा चढला.” “पंचावन्न. बरा हाय.” घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलांपाशी असं म्हणतात, पण या घारीने पिलाच्या मानेवरच बसकण मारली होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

एकदाच तो आकडा थिजला होता. लावणी होऊन गेली होती, खाचरं पाण्याने भरलेली. भिवाजी बांधावर होता आणि आकडा सत्तेचाळीसवर अडून बसला. टिचकी मारली. हलेना. पुन्हा मारली. मग तो धावला. चिखलातून, बांधावरून, लोकांच्या खाचरातून, साठीच्या माणसाने धावू नये तसा. दारात पोहोचला तेव्हा एका पायात चप्पल होती, दुसरी चिखलात राहिली होती. सिद्धांत कॉम्प्युटरसमोर धडधाकट बसला होता. “मीटर बगायला आलो,” भिवाजी कसाबसा म्हणाला. सिद्धांतने त्याच्या पायावर पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत आकडा पुन्हा थरथरायला लागला. मोबाईल बंद करून चालू केल्याने तो सुधारला, असं भिवाजी धरून चालला.

आणि दिवाळीच्या आसपास ती निवड आली.

खालापूरचा हरेश नावाचा एक पोरगा पाच जणांची टीम बांधत होता. पुण्यात मोठी स्पर्धा होती, त्यात ही टीम उतरणार होती. चार जण ठरले होते, पाचव्यासाठी तीन संध्याकाळ खेळून दाखवायचं होतं. सिद्धांतने भिवाजीला एवढंच सांगितलं, “आबा, हे जमलं ना, तर मला आवडतं तेच माझं काम होईल.” भिवाजीला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोराच्या बोलण्यातलं कळलं. तिन्ही संध्याकाळी तो मागे खाटेवर बसला. त्याने पोराला चहा करून दिला, डास हाकलले, दारात कुणी आलं तर तोंडावर बोट ठेवलं. आणि आकडे वाचले. ज्याचा पाय पोराच्या धोतरावर होता तोच मागून पोराला पळ म्हणत होता.

तिसऱ्या संध्याकाळी स्पीकरमधून हरेशचा आवाज आला. “भावा, वाईट वाटून घेऊ नको. पण तुझा हात स्लो पडतोय रे. एक सेकंद उशीर होतोय तुला. या वेळी नको.”

सिद्धांतने स्पीकर बंद केला. भिवाजीला काहीतरी बोलायला हवं होतं. बोलायची सवय गेलेला माणूस, त्याच्या तोंडातून नेमकं निघालं ते हे, “हात थंड पडलं असतील तुजं. सगळ्यांचा हात सारखा नसतो रं. एखादी नोकरी बग.”

सिद्धांतने आपले दोन्ही हात समोर धरले, उलटे-पालटे करून पाहिले. “असंल,” म्हणाला. पुढच्याच आठवड्यात त्याने गोदामातली नोकरी धरली.

हे सगळं आता, कर्जतच्या दुकानात, स्टुलावर बसलेल्या भिवाजीच्या डोक्यात एकावर एक येऊन आदळत होतं. पोराचा हात चांगला होता. हात नव्हताच अडकत. आपण अडकवत होतो. सेकंदाला चार वेळा. आणि वरून आपणच त्याला सांगितलं की तुझा हात नाही.

“काका, पाणी देऊ?”

“नको.”

विनिता हुशार मुलगी. सिद्धांतची निवड हुकल्याचं तिच्या कानावर आलं होतं, तिने लगेच दुवा जुळवला. “त्याला कशाला सांगताय?” ती हळूच म्हणाली. “मी नीट करून ठेवते. विहारात देऊन टाकू. तिथली पोरं अभ्यास करतील, कुणाला काही कळायचं नाही. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?”

भिवाजीला ते पटलं. अगदी मनापासून पटलं, आणि तेच त्याला लाजिरवाणं वाटलं. न सांगण्यात किती सोय होती! पोरगा नोकरीला लागलाय, रुळेल. हरेशची टीम तर पुण्याला जाऊनही आली होती. आता सांगून काय हाती लागणार होतं? त्याने चादर उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“त्यो सारखा हातच बगत असंल,” तो म्हणाला. “जेवताना, खोकी उचलताना. माझ्या हातात काय खोट हाय म्हणून बगत असंल. ते मी लावलंय त्याच्या पाठीमागं. ते तरी काढाया पायजे.”

कॉम्प्युटर त्याने विहारात नेला नाही. पुन्हा चादरीत बांधला.

दुसऱ्या दिवशी सिद्धांतची सुट्टी होती. गावातला धाऊ टेंपो घेऊन चौक गावाच्या बाजूने खालापूरला भाताची पोती टाकायला निघाला होता, त्याच्याबरोबर भिवाजी बसला. मांडीवर चादरीचं गाठोडं बघून धाऊने विचारलं, “काय भिवाजीदा, पोराचं रुखवत का काय घेऊन निघालास?”

एरवी भिवाजी हसला असता. “रुखवत नाय रं. त्याचीच वस्तू हाय, परत द्यायची हाय.”

“इसरून गेला होता का?”

“मीच ठेवून घेतली होती,” भिवाजी म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. कापणी झालेली शेतं उघडी पडली होती. काय बोलायचं त्याची तो मनात जुळवाजुळव करत होता. सुरुवात कशी करायची? आधी चहा प्यायचा की आधी सांगायचं? पोरगा उठून निघून गेला तर? शिव्या देणारा पोरगा असता तर बरं झालं असतं. सिद्धांत आईवर गेला होता. चंद्राबाई रागावली की बोलायची नाही, घरातली कामं करत राहायची, आणि ते शिव्यांहून जड जायचं.

सिद्धांतची खोली एका चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर होती. एक खाट, एक दोरी, दोरीवर गोदामाचा निळा शर्ट. दार उघडल्यावर तो आधी बापाच्या पायांकडे बघून म्हणाला, “चालत आलात का काय?” आणि मग गाठोड्याकडे बघून, “हे काय? विहारात द्यायचं होतं ना?”

“आदी ऐक,” भिवाजी म्हणाला. टेंपोत जुळवलेलं सगळं दारातच विसरला होता. गाठोडं खाली न ठेवता, छातीशी धरून तो बोलत सुटला. “तुजा हात स्लो नव्हता. तुज्या हाताला काय झालेलं नाय. मी ते गरमी मोजायचं पार तळाला नेलं होतं. आकडा हलाया पायजे म्हणून. त्याच्यानं तुजं अटकत होतं. विनितानं दाखवलं मला. तिनं वर केलं नि गेम असा पळाला बग… मी तुजं वाटोळं केलं रं, सिद्धांत. आणि तुलाच म्हणालो, हात थंड पडलं.”

सिद्धांतने त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं, खाटेवर ठेवलं. “बसा.”

“बसत नाय. तू बोल काय ते.”

“बसा, आबा. मला माहीत हाय ते.”

“काय माहीत हाय?”

“तुमी तळाला नेलंय ते. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. येवढं अटकायला लागल्यावर बघणार नाय का मी?”

भिवाजी बसला. गाठोड्याशेजारी, खाटेच्या कडेला.

सिद्धांत शेगडीकडे वळला, पातेल्यात पाणी ओतलं. पाठमोरा राहून तो बोलत होता, बहुधा समोरून बोलणं त्यालाही जमलं नसतं. “मी एकदा पार वर नेलं होतं. गेम मस्त चालला. जरा वेळानं बघतो तर तुमी दारात. एकच चप्पल. तोंड पांढरं फटक पडलेलं. मीटर बघायला आलो म्हणालात.”

“त्या दिवशी?”

“त्याच दिवशी. संध्याकाळी मीच परत खाली नेलं.”

भिवाजीला मोबाईल बंद करून चालू केल्याचं आठवलं, आणि आकडा सुधारल्यावर झालेला आनंदही आठवला. “आरं, मंग सांगायचं होतंस मला! मी काय तुजा वैरी हाय?”

“सांगितलं असतं तर तुमी मोबाईलच ठेवून दिला असता.”

“दिला असता! बरं झालं असतं!”

“नि परत गप्प झाला असता.” सिद्धांतने साखर टाकली, ढवळली, गरजेपेक्षा जास्त ढवळली. “आई गेल्यावर तुमी बोलायचंच सोडलं, आबा. मी घरात आलो काय, गेलो काय. मंग ते आकडे वाचायला लागलात. चोपन्न, बरा हाय. पंचावन्न, बरा हाय. घरात तेवढाच आवाज होता. मी बंद कसा करू?”

भिवाजीने आता स्वतःचे हात उलटे-पालटे करून पाहिले.

“तीन संध्याकाळ,” तो शेवटी म्हणाला. “तीन संध्याकाळ तरी बंद करायचं रं.”

“केलं होतं ना मनात. पहिल्या दिवशी हात घातलाच होता माऊसला. मागनं तुमी म्हणालात, ‘बावन्न. बरा हाय.’ म्हटलं, राहू दे. होईल असंच. माझा हात तेवढा तेज हाय असं वाटलं होतं मला. नाय झालं.”

त्याने चहा बापासमोर ठेवला, आपला कप घेऊन खाली जमिनीवर बसला.

“त्याचं काय नाय वाटत. पण ते शेवटी बोललात ना, हात थंड पडलं म्हणून. ते लागलं. सगळं माहीत असून लागलं. कधी कधी वाटतं, खरंच असंल काय.”

भिवाजीला वाटलं होतं, आपण येऊन कबूल करू, पोरगा चिडेल, आणि मग ओझं उतरेल. पण पोराने त्याच्या आधीच सगळं उचलून पाठीवर घेतलं होतं आणि महिनोन् महिने चालत होता. त्याच्या समोर माफी मागायचीसुद्धा लाज वाटली. तरी त्याने मागितली. “चुकलं माजं,” तो म्हणाला. दोनच शब्द, पण ते त्याने पोराच्या तोंडाकडे बघून म्हटले. चंद्राबाईलाही त्याने ते कधी म्हटले नव्हते.

सिद्धांतने मान हलवली. ठीक आहे म्हणाला नाही. चहा संपल्यावर त्याने गाठोडं सोडलं.

कॉम्प्युटर खाटेशेजारच्या फळीवर बसला. तारा लागल्या, पंखा घरघरला. भिवाजी मागे बसला होता, पण मोबाईल खिशातच होता.

“परत खेळशील?” त्याने विचारलं.

“खेळीन. टीमचं आता काय नाय, हरेशला पाचवा मिळालाय. हातात काय हाय ते तरी बघू.”

तो खेळला. भिवाजीला खेळातलं आताही कळलं नाही. पण पोराची बोटं त्याला दिसत होती. बोटं इकडून तिकडे गेली की पडद्यावरचा माणूस त्याच क्षणी जात होता, मधे काही नव्हतं. सिद्धांत हळूहळू पुढे झुकला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली, आणि एका ठिकाणी तो स्वतःशीच हसला. ते हसू भिवाजीने वर्षभर पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि आपण काय काय अडवून धरलं होतं ते त्याला पुन्हा एकदा नीट कळलं.

निघताना त्याने मोबाईल पुढे केला. “ह्ये काढून टाक. मला नको.”

सिद्धांतने मोबाईल घेतला, मग कॉम्प्युटरवर काहीतरी केलं, आणि मोबाईल परत दिला. “काढलं नाय. हळू केलंय, अगदी हळू. आकडा बराच वेळ हलणार नाय. थिजलेला दिसंल. घाबरायचं नाय.”

“बरं.”

“नि धावत यायचं नाय. खालापूर लांब हाय.”

“बरं म्हटलं ना.”

“दोन्ही चपला घेऊन जा,” सिद्धांत म्हणाला. भिवाजीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, म्हणून तो जिना जरा घाईने उतरला.

घरी पोहोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. ज्या कोपऱ्यात कॉम्प्युटर असायचा तिथे भिंतीवर धुळीची एक चौकोनी खूण राहिली होती. भिवाजीने दिवा लावला, तांदूळ धुऊन ठेवले आणि खाटेवर बसला. खिशातून मोबाईल काढून बघितला.

एकोणपन्नास.

त्याने वाट बघितली. एकोणपन्नास. आकडा जागचा हलत नव्हता. नखाने काचेवर टिचकी मारली. एकोणपन्नास. सगळी नोकरी ज्याच्यापायी धावण्यात गेली तो थिजलेला काटा त्याच्या तळहातावर होता. त्याचा उजवा पाय आपणहून खाटेखाली गेला आणि त्याने चप्पल शोधली. डावाही गेला. भिवाजी उठून दारापर्यंत आला, कडीला हात लावला आणि तिथेच थांबला.

मग मागे फिरला.

“एकोणपन्नास,” रिकाम्या घरात तो मोठ्याने म्हणाला. “बरा हाय.”

आणि त्याने पायांतल्या दोन्ही चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या.